शोग्रेन सिंड्रोम: थेंब, प्लग की गोळी?

शोग्रेनमध्ये शरीराच्याच संरक्षक पेशी अश्रू आणि लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर हल्ला करतात. म्हणून ‘कोरडेपणावर कोणतं औषध चांगलं?’ एवढंच विचारून भागत नाही. ग्रंथींत अजून किती जीव आहे, हे आधी कळायला हवं. शर्मर चाचणीत खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवतात. 5 मिनिटांत ती 5 मिमी किंवा त्याहून कमी भिजली, तर अश्रू फारच कमी आहेत. लाळेसाठी काहीही न चघळता 15 मिनिटं भांड्यात थुंकायचं. 1.5 मिली किंवा त्याहून कमी जमली, तर ती कमीच समजतात.

बाटली की एकेरी कुपी?
दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा कृत्रिम अश्रूंचे थेंब लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच घ्या; ते सहसा एकदाच वापरायच्या कुपीत येतात. नेहमीच्या बाटलीतलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड जंतूंना रोखतं, पण वारंवार पडलं की बुबुळावरचा नाजूक थरही दुखावतो. मग डोळे जास्त चुरचुरतात, माणूस आणखी थेंब टाकतो आणि चक्र सुरू राहतं. कुपीची अडचण वेगळी: या आजारात बोटांचे सांधेही दुखतात आणि ती चिमुकली शेपटी पिळून तोडणं जड जातं. प्रिझर्व्हेटिव्हशिवायच्या खास झडपेच्या बाटल्याही मिळतात, पण त्यांतल्या काही दाबायला कडक असतात. घेण्याआधी हाताळून बघा.

एका वेळी एकच थेंब पुरे. डोळ्यात तेवढाच मावतो, दुसरा गालावर ओघळतो. खालची पापणी हलकेच ओढून खळगा करा, थेंब सोडा, डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून ठेवा. दोन वेगवेगळी औषधं असतील, तर मध्ये 5 मिनिटं जाऊ द्या.

पातळ थेंब दिवसा, काम करताना. जेल जास्त वेळ टिकतं, पण काही मिनिटं धूसर दिसतं. मलम फक्त झोपताना. लाली घालवणारे थेंब मात्र यातल्या कशाचीच जागा घेऊ शकत नाहीत. ते रक्तवाहिन्या आकसवतात आणि असर उतरला की लाली दुपटीने परतते.

प्लग की सायक्लोस्पोरिन?
प्लग अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्राला बूच लावतो. त्यामुळे आहेत ते अश्रू टिकतात आणि फरक लवकर जाणवतो. पण डोळ्यात दाह असताना तो बसवला, तर दाहकारक अश्रूच डोळ्यात साचून राहतात. म्हणून आधी दाह आटोक्यात आणलेला बरा. सिलिकॉनचा प्लग कधी निसटतो, कधी डोळ्यातून पाणी गळायला लावतो. नको असेल तर काढता येतो, ही जमेची बाजू.

सायक्लोस्पोरिनचे थेंब सहसा दिवसातून दोनदा. ते मुळातल्या दाहावर काम करतात, पण फरक दिसायला 3 ते 6 महिने लागू शकतात आणि सुरुवातीला झोंबतात. अनेकजण महिन्याभरात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं.

तोंडासाठी: गोळी की कृत्रिम लाळ?
पिलोकार्पिन (सहसा 5 मिग्रॅ, दिवसातून 4 वेळा) आणि सेव्हिमेलिन (30 मिग्रॅ, 3 वेळा) ग्रंथीला लाळ सोडायला भाग पाडतात. ग्रंथीत काही उरलंच नसेल, तर गोळी घामाशिवाय फारसं काही देत नाही. घाम आणि वारंवार लघवी हे दोन्हींचे त्रास आहेत. आटोक्यात नसलेला दमा किंवा अरुंद कोनाचा काचबिंदू असेल, तर दोन्ही वर्ज्य, म्हणून डॉक्टरांशिवाय सुरू करू नका. कृत्रिम लाळेचा असर थोडाच वेळ टिकतो, पण झोपण्यापूर्वी आणि बोलण्याआधी ती फार उपयोगी पडते.

आंबट गोळ्या चघळून लाळ आणायचा मोह होतो. तो टाळा. लाळेचं संरक्षण नसताना आम्लाने दातांचं आवरण विरघळतं आणि हिरड्यांच्या कडेला, मुळांवर कीड लागते. झायलिटॉलचं गम चालेल (घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासून दूर ठेवा, त्याला ते विषारी आहे). नेहमीच्या टूथपेस्टमध्ये साधारण 1000 ते 1500 पीपीएम फ्लोराइड असतं. दंतवैद्य 5000 पीपीएमची लिहून देऊ शकतात. ती लावल्यावर थुंका, पण पाण्याने चूळ भरू नका. पेस्ट झोंबत असेल, तर सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली घ्या.

आधीपासून सुरू असलेल्या औषधांची यादीही डॉक्टरांना दाखवा. सर्दी-ॲलर्जीच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्या कोरडेपणा वाढवतात. जीभ लाल होऊन जळजळत असेल, ओठांचे कोपरे फाटत असतील, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो आणि त्यावर कृत्रिम लाळ चालत नाही. डोळा अचानक दुखू लागला, उजेड सोसेना किंवा दिसणं कमी झालं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. कानाखालची सूज टिकून राहिली, तरीही तपासणी करून घ्या. या आजारात लिम्फोमाचा (लसीका संस्थेच्या कर्करोगाचा) धोका वाढलेला असतो.