सीपी/एमवर नीटनेटकं छापायचं तर: एड आणि फॉरमॅटर, की वर्डस्टार?

‘एड’ हा मजकूर लिहिण्या-बदलण्याचा प्रोग्रॅम (संपादक) सीपी/एम या जुन्या छोट्या संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत आयताच मिळायचा. पण आज्ञा दिल्याशिवाय तो मजकूर पडद्यावर दाखवायचाही नाही. त्यात लिहायचं, ठिपक्याने सुरू होणाऱ्या सूचना ओळींमध्ये पेरायच्या आणि रॉफ या युनिक्सवरच्या प्रोग्रॅमच्या धर्तीवरच्या वेगळ्या फॉरमॅटरमधून, म्हणजे त्या सूचनांप्रमाणे पानाची मांडणी करणाऱ्या प्रोग्रॅममधून, छापायचं. समास चुकला तर बहुधा कागदावरच कळायचं.

मायक्रोप्रो कंपनीच्या वर्डस्टार या वर्ड प्रोसेसरमध्ये (१९७८) ठिपक्याच्या सूचना होत्याच, पण ओळ आपोआप मोडायची, दोन्ही कडा जुळायच्या आणि पान कुठे संपतं तेही लिहितानाच दिसायचं. बाणांच्या कळा नसलेल्या टर्मिनलवर कंट्रोलसोबत ई, एस, डी, एक्स दाबून कर्सर चारी दिशांना फिरायचा. ही मांडणी मला आजही अप्रतिम वाटते.

खोट एकच, पण मोठी. डॉक्युमेंट मोडमध्ये, म्हणजे नेहमीच्या मांडणीसह लिहिताना, वर्डस्टार शब्दांच्या शेवटच्या अक्षरातला आठवा बिट (अक्षराच्या संकेतात एरवी मोकळा राहणारा) स्वतःच्या खुणेसाठी वापरायचा. त्यामुळे तीच फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली की ती अक्षरं विद्रूप दिसायची. एडची फाइल मात्र निव्वळ मजकूर.

पत्रं, अहवाल यांसाठी माझी पसंती निःसंशय वर्डस्टारला. अनेक मशीनांवर न्यायच्या तांत्रिक पुस्तिकेसाठी वर्डस्टारच्या नॉन-डॉक्युमेंट मोडमध्ये (यात अशा खुणा न टाकता निव्वळ मजकूर ठेवला जायचा) लिहून छपाई फॉरमॅटरकडे सोपवणं उत्तम.