परदेशात इंटर्नशिप: त्यांच्या खर्चाने, पगारावर की आपल्याच पैशाने?

आमच्या डायनिंग टेबलवर सध्या दोन फायली पडल्यात. निळी भाचीची, ती नेरूळला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि पिवळी पुतण्याची, तो कळव्याचा, हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला. दोघांनाही बाहेर इंटर्नशिप करायचीय आणि घरात ऑनलाइन फॉर्म भरायचा पेशन्स फक्त मलाच, म्हणून हे खातं आपोआप माझ्याकडे आलं. गेले दोन महिने रात्री जेवणं झाली की मी हेच वाचतेय, आणि आता ओळखीतले इतके जण विचारायला लागलेत की म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू.

एक गोष्ट आधीच सांगते. सगळे सुरुवात करतात देशापासून, जर्मनी चांगली का कॅनडा, दुबई जवळ का सिंगापूर. देश नंतर. आधी बघायचं की पैसे कोण कोणाला देतंय. ते तुम्हाला देतायत, तुम्ही काम करता म्हणून पगार देतायत, का तुम्ही त्यांना देताय? या तीन वेगळ्या दुनिया आहेत आणि तिन्हीला लोक एकच नाव देतात, इंटर्नशिप.

पहिली दुनिया म्हणजे विद्यापीठं आणि रिसर्चवाल्या संस्था. इथे अर्जाला फी नसते, निवड झाली तर विमानाचं तिकीट, राहणं, भत्ता यातलं बरंचसं तेच बघतात. ऐकायला स्वप्नच वाटतं, पण गोम तारखेत आहे. पुढच्या उन्हाळ्याची दारं आदल्या वर्षी दसरा-दिवाळीतच बंद व्हायला लागतात. कॅनडाचं मायटॅक्स ग्लोबलिंक, म्हणजे तिथल्या विद्यापीठांतली रिसर्च इंटर्नशिप, गेली काही वर्षं सप्टेंबरातच बंद होतंय. जपानमधल्या ओकिनावाच्या ओआयएसटी या संशोधन विद्यापीठाची एप्रिल ते सप्टेंबरसाठीची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर. जर्मनीच्या डाड (डीएएडी) या स्कॉलरशिप देणाऱ्या संस्थेचं वाइज नोव्हेंबरच्या सुरुवातीला. जिनिव्हाच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचं जानेवारीअखेर, म्हणजे संक्रांतीचे तीळगूळ संपेपर्यंत. आणि आपली पोरं जागी होतात कधी तर मार्चमध्ये, सबमिशनच्या गडबडीत, जेव्हा वर्गातला कोणीतरी ऑफर लेटरचा फोटो टाकतो. तेव्हा उघडं काय असतं, तर एजंटचं ऑफिस. ते बारा महिने उघडं असतं.

आमचंही तेच झालं. मायटॅक्सबद्दल मला कळलं ते विसर्जनाच्या गर्दीत, तलावपाळीजवळ भाचीची मैत्रीण भेटली तेव्हा, आणि घरी येऊन बघितलं तर मुदत संपलेली. दोष कोणाचा नाही, माझाच उशीर.

तरी भाचीसाठी तुलना पूर्ण केली, कारण त्यातून एक वेगळंच गणित निघालं, जे कोणी सांगत नाही. मुंबई विद्यापीठाचं सेमिस्टर. परीक्षा, ओरल, प्रोजेक्ट धरून अर्धा मे महिना जातोच, आणि जुलैच्या मध्याला पुढचं सेम सुरू. म्हणजे हातात मोकळे आठवडे किती, तर आठ, फार ताणलं तर नऊ. आता या आठ आठवड्यांत काय बसतं ते बघा. मायटॅक्स बारा आठवड्यांचं, नाही बसत, कॉलेजने सुरुवातीच्या हजेरीत सूट दिली तरच. सौदीतल्या काउस्ट विद्यापीठाचा व्हिजिटिंग स्टुडंट प्रोग्रॅम पैशाला सगळ्यात दणदणीत, महिन्याला १००० डॉलर, वर तिकीट, राहणं आणि व्हिसाचा खर्च, पण किमान तीन महिने राहायचं आणि मार्क चारपैकी साडेतीनच्या वर हवेत. तो ज्यांच्या कॉलेजात आठवं सेम अख्खं इंटर्नशिपसाठी सोडतात त्यांनी डोळे झाकून बघावा, तिसऱ्या वर्षवाल्यांना अवघड. ओकिनावा किमान दोन महिने, कमाल सहा. बसतं! रोजचे २४०० येन देतात, आपले तेराशे-चौदाशे रुपये धरा, राहायची सोय आणि जाण्यायेण्याचं तिकीट त्यांचं. श्रीमंत होणार नाही, पण आईबाबांची एफडी मोडायची नाही. आणि कॉलेजच्या नावाची यादी नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

कारण यादीचं दुखणं आहेच. डाड वाइज दोन-तीन महिन्यांचं, वेळेत बसू शकतं, पण ते आयआयटी, एनआयटी, आयसर आणि अशा ठरावीक संस्थांच्या मुलांसाठीच आहे, आणि वर अर्जाच्या आधीच जर्मन प्रोफेसरचं आमंत्रणपत्र मिळवायचं. भाचीच्या कॉलेजचं नाव त्यात नाही, तर तिथे वेळ घालवला नाही. फ्रान्सची शार्पाक लॅब स्कॉलरशिप आहे, एक ते तीन महिने, महिना ७०० युरो, पण तिथेही फ्रेंच लॅब आधी तुम्हीच शोधायची, तिकीट तुमचं. सर्नला मात्र उन्हाळ्यापर्यंत तीन वर्षं कॉलेज पूर्ण व्हायला हवं ही अट आहे, म्हणजे तिसऱ्या वर्षाची पोरं चालतात आणि दुसऱ्या वर्षाची नाही. भारत २०१७ पासून सर्नचा असोसिएट सदस्य आहे, तरी जगभरातून अर्ज येतात, लॉटरीचं तिकीट समजून भरायचा. फुकट आहे, भरायला काय जातंय.

प्रोफेसरला मेल लिहिणं ही एक वेगळीच कला, यावर भाची आणि माझं रोज वाजतं. तिचा पहिला मेल होता "रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी पॅशनेट". पंचवीस जणांना तोच, नाव बदलून, आणि त्यात एका ठिकाणी नाव बदलायचंच राहिलं. मग तिला म्हटलं, बाई, पाचच जणांना लिही, पण त्यांचा एक पेपर वाच आणि त्यातल्या एका आकृतीबद्दल खरा प्रश्न विचार. पाचातून दोन उत्तरं आली, एक नकाराचं, पण आलं ना.

आता दुसरी दुनिया, पगाराची, आणि पिवळी फाईल. हॉटेलवाल्या पोरांना सगळ्यात जास्त विकलं जातं ते अमेरिकेचं जे-१ इंटर्न. हे खोटं नाहीये, रीतसर व्हिसा आहे, कमाल १२ महिने. कॉलेजमध्ये शिकत असाल किंवा पास होऊन १२ महिने झाले नसतील तर चालतं. म्हणजे पुतण्या मे महिन्यात पास झाला की त्याच्याकडे पुढच्या मेपर्यंत वेळ आहे, आत्ताच घाई करायची गरज नाही, जी घाई एजंट करतोय. ठाणे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक ऑफिस आहे, नाव नाही लिहित, तिथे आम्ही दोघं गेलो. एसी, भिंतीवर न्यूयॉर्क, आणि पहिल्या दहा मिनिटांत दीड लाखाचं पॅकेज, त्यातले पंचवीस हजार "आजच्या आज सीट ब्लॉक करायला". मी विचारलं, स्पॉन्सर कोण? म्हणे हॉटेल. तिथेच कळलं.

कारण जे-१ मध्ये स्पॉन्सर हॉटेल नसतंच सहसा, अमेरिकन सरकारने मान्यता दिलेली वेगळी संस्था असते, तीच डीएस-२०१९ हा फॉर्म देते, त्याच्याशिवाय बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यूला उभंच करत नाहीत. आणि दुसरा कागद डीएस-७००२, ट्रेनिंग प्लॅन. यात कुठल्या डिपार्टमेंटला किती दिवस, काय शिकवणार, हे लिहिलेलं असतं. हॉटेल-टुरिझममध्ये सहा महिने किंवा जास्तीचा प्रोग्रॅम असेल तर किमान तीन डिपार्टमेंट फिरवायलाच हवेत असा नियम आहे. म्हणजे वर्षभर नुसतं हाउसकीपिंगमध्ये चादरी बदलायला लावणार असतील तर ते नियमातच बसत नाही. तो प्लॅन आधी दाखवा म्हटल्यावर ऑफिसातल्या मॅडमनी सिस्टिम डाऊन आहे सांगितलं. आम्ही खाली येऊन वडापाव खाल्ला आणि घरी आलो.

खर्च धरायचाच तर सरकारी फी फार नाही, सेविसचे (अमेरिकन सरकारकडच्या नोंदणीचे) २२० डॉलर आणि व्हिसाचे १८५. बाकी जे लाखात जातं ते स्पॉन्सरची फी, इन्शुरन्स, तिकीट आणि एजंट. यातला एजंटचा वाटा वेगळा लिहून मागा, एवढं केलं तरी आकडा खाली येतो. पगार मिळतो, पण रिसॉर्ट असतं कुठल्यातरी आडगावात, भाडं पगारातून, त्यामुळे बारा महिन्यांनी घातलेले पैसे निघाले तरी मी त्याला यश म्हणेन.

त्याच्या शेजारी ठेवलं मॉरिशस. पगार नाही, स्टायपेंड, तोही थोडाच, पण राहणं-जेवण बहुतेक वेळा हॉटेलचं, विमान स्वस्त, आणि फ्रेंच कानावर पडतं जे हॉटेल लाइनला पुढे कामी येतं. आमच्या आजेसासूबाईंना वेगळाच आनंद, कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी माणसं आहेत आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. पण एक खाच आहे. मॉरिशसला फिरायला जाणाऱ्या भारतीयांना पोचल्यावर व्हिसा मिळतो, म्हणून काही जण सांगतात, असेच जा, मग बघू. तसं नाही जायचं. टुरिस्ट म्हणून उतरून हॉटेलात काम करणं हे तिथेही बेकायदा, दुबईतही, युरोपातही. पकडलं तर हॉटेल दंड भरून मोकळं, पोराच्या पासपोर्टवर डाग. दुबईच्या बाबतीत तर हे इतकं सर्रास चालतं की व्हिजिट व्हिसा हा शब्द ऐकला की मी फोन ठेवते.

पुतण्याचा कल अमेरिकेकडे, माझा मॉरिशसकडे. त्याचं म्हणणं सीव्हीवर अमेरिका दिसते. माझं म्हणणं, पहिल्यांदा घर सोडतोयस, सहा महिने बघ तर, पदवीनंतरचे बारा महिने हातात आहेतच, लागोपाठ दुसरंही करता येईल. फक्त मॉरिशसहून कधी परत यायचं ते मोजून ठेवायला लागेल, नाहीतर ते बारा महिने तिकडेच संपायचे.

तिसरी दुनिया, जिथे पैसे आपण देतो. इथे सगळं वाईट नाही, गैरसमज नको. आयसेक ही विद्यार्थ्यांनीच चालवलेली जुनी संस्था, १९४८ ची, तिचे सहा-आठ आठवड्यांचे व्हॉलंटिअर प्रोजेक्ट असतात, फी लागते, तिकीट आपलं. बीकॉम, बीए, बीएमएसच्या मुलांना बाहेरचं जग बघायला, इंग्रजीची भीड मोडायला ठीक आहे. पण त्याला कामाचा अनुभव म्हणू नका, शाळेत मुलांना शिकवलंत ते फायनान्सच्या इंटरव्ह्यूला उपयोगी नाही पडत. त्यांचंच पगारी इंटर्नशिपचं वेगळं दालन आहे, ते आधी बघा. संयुक्त राष्ट्रांच्या सेक्रेटरिएटची इंटर्नशिप पण याच रांगेत बसवते मी, कारण अर्ज फुकट असला तरी पगार शून्य, आणि न्यूयॉर्कचं भाडं तुमचं. बॅचलर्सच्या शेवटच्या वर्षाच्या आधी तर घेतही नाहीत. तिथे मावशी-काका राहत असतील तर जरूर.

ज्या कंपन्या "गॅरंटीड प्लेसमेंट" म्हणून लंडन-सिंगापूर विकतात त्यांच्याबद्दल दोनच वाक्यं. सिंगापूरचा ट्रेनिंग एम्प्लॉयमेंट पास फक्त तीन महिन्यांचा असतो आणि ठरावीक विद्यापीठांचे विद्यार्थी सोडले तर महिना ३००० सिंगापूर डॉलर पगार असेल तरच मिळतो, तर जी कंपनी तुम्हाला पगार देत नाही आणि फी घेते ती हा पास आणणार कुठून ते विचारा. घरबसल्या "इंटरनॅशनल" सर्टिफिकेट ९९९ रुपयांत, त्यावर शब्द वाया घालवत नाही.

आणि एक चौथी दुनिया, जिची फाईल टेबलवर नाहीच, कारण तिला ग्लॅमर नाही. ऐरोली, महापे, घणसोली, म्हणजे नवी मुंबईतल्या आयटी कंपन्या. नेरूळहून ट्रान्सहार्बर लोकल पकडली की झालं. भाचीच्याच वर्गातल्या एकीला तिकडे उन्हाळ्यात स्टायपेंडवर घेतलं, टीममधले अर्धे लोक परदेशातले, रोज त्यांच्याशी कॉल, आणि शेवटी नोकरीची ऑफर हातात. पुढे मास्टर्स करायचंच नसेल तर ओकिनावाच्या लॅबपेक्षा हे सरस आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. भाचीला मास्टर्स करायचंय, म्हणून तिच्यासाठी ओकिनावा. तिच्या मैत्रिणीला नव्हतं करायचं, तिचं बरोबर होतं.

कागदांचं थोडं, कारण इथेच आपली पोरं अडकतात. मार्कशीटवर नाव आडनावापासून सुरू, मग स्वतःचं, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं, पासपोर्टवर वेगळीच मांडणी, बाहेरच्या माणसाला वाटतं ही दोन वेगळी माणसं. कॉलेजकडून एकाच व्यक्तीची ही दोन नावं आहेत असं पत्र आत्ताच घेऊन ठेवा, आणि प्रत्येक फॉर्मवर पासपोर्टसारखंच नाव टाका. ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या सेमच्या मार्कांचा अधिकृत उतारा) विद्यापीठात कलिनाला जायला लागणार असेल तर महिनाभर आधी. कॉलेजची एनओसी घेताना क्रेडिट देणार का ते लेखी घ्या, तोंडी "हो हो बघू" ला जुलैत काही किंमत नसते. युरोपात ९० दिवसांपर्यंत शेंगेन, म्हणजे बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, त्याच्या वर एक दिवस जरी झाला तरी त्या देशाचा वेगळा व्हिसा, म्हणून तारखा ठरवतानाच दिवस मोजा, महिने नाही. आणि केटी (राहिलेला विषय) असेल तर ती परीक्षा कधी आहे ते बघितल्याशिवाय तिकीट काढू नका, हे मी हसत लिहितेय पण शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलाचं खरंच झालंय.

पुतण्याकडे पासपोर्टच नाही हे आम्हाला परवा कळलं. वर्षभर अमेरिका अमेरिका करणारा मुलगा! १५०० रुपये भरलेत, वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात गुरुवारी सकाळची अपॉइंटमेंट मिळालीय, आधार आणि जन्मदाखल्यावरचं नाव जुळतंय का ते आज रात्री बघायचंय. भाचीचा फॉर्म ८० टक्के भरून झालाय, एका सरांचं शिफारसपत्र यायचं बाकी आहे. ते म्हणाले तूच लिहून आण, मी सही करतो.