स्केचअपचा रिव्ह्यू: 64 खिडक्या आणि एक ग्रिल

खाली पार्किंग, वर चार मजले, मजल्यावर चार फ्लॅट, फ्लॅटला चार खिडक्या. अशी साधी इमारत स्केचअप या थ्रीडी मॉडेल बनवायच्या प्रोग्रॅममध्ये घेतली तर भिंती, स्लॅब आणि जिना झटपट उभे राहतात. सपाट आकार ओढून त्याला जाडी देणाऱ्या पुश-पुल या टूलला आजही तोड नाही. मॉडेल पुढे सुरळीत फिरेल की माउस हलवला की अडखळेल, हे मात्र त्या 64 खिडक्यांवर ठरतं.

स्केचअपमधली सगळ्यात कामाची सोय म्हणजे कम्पोनंट. खिडकी एकदा काढायची, सगळं सिलेक्ट करून जी दाबायचं, नाव द्यायचं आणि कॉप्या टाकायच्या. एकीची चौकट 60 वरून 50 मिमी केली की 64 ही बदलतात. ग्रुप म्हणजे नुसता एकत्र बांधलेला गठ्ठा, त्याचं तसं नाही. कॉपी केलेला एक ग्रुप उघडून बदलला की तो बाकीच्यांपासून सुटतो. त्यामुळे हिशेब सोपा आहे: दोनदा येणारी वस्तू कम्पोनंट, एकदाच येणारी ग्रुप. भिंती ग्रुपमध्ये ठीक. खिडकी, दार, रेलिंगचा बार, जिन्याची पायरी कम्पोनंटच हवेत. अख्खा टिपिकल मजलाही कम्पोनंट करावा. मूव्ह टूलमध्ये कंट्रोल दाबून 3000 मिमी वर न्यायचा आणि लगेच 3x टाइप करायचं. चार मजले तयार.

इथेच पहिली ठेच लागते. वरच्या मजल्याला टेरेस द्यायची म्हणून त्यावर राइट क्लिक करून मेक युनिक केलं, म्हणजे ती कॉपी बाकीच्यांपासून तोडली, तरी आतल्या खिडक्या जुन्याच, सामायिक राहतात. वर खिडकी बदलली की खालच्या तिन्ही मजल्यांवरही बदलते. मेक युनिक एकाच पातळीवर चालतं, म्हणून आत शिरून हव्या त्या खिडक्या सिलेक्ट करून पुन्हा तेच करावं लागतं. प्रोग्रॅम याची काहीच सूचना देत नाही. एवढ्या वर्षांत एक छोटासा इशारा तरी द्यायला हवा होता.

दुसरी ठेच स्केल टूलची. 1200 ची खिडकी 1500 करायला ओढली की 60 ची चौकट 75 ची होते. त्याऐवजी खिडकीची कॉपी घ्या, मेक युनिक करा, आत जाऊन उजवी अर्धी बाजू सिलेक्ट करा आणि 300 मिमी सरकवा; जाडी जशीच्या तशी राहते. आरशातल्यासारख्या जोडफ्लॅटसाठी फ्लिप वापरायला हरकत नाही, उलटी कॉपीही मूळ कम्पोनंटशी जोडलेली राहते.

भिंतीला भोक पाडणारा कट ओपनिंग हा पर्याय ऐकायला छान, पण तो एकच फेस, म्हणजे एकच सपाट पृष्ठभाग, कापतो. 230 मिमीच्या विटेच्या भिंतीला बाहेरचा आणि आतला असे दोन फेस असतात. खिडकी बाहेरून उघडी दिसते आणि खोलीतून पाहिलं तर समोर भिंत. आतला फेस हाताने कापावा लागतो. शिवाय भिंत ग्रुपमध्ये असेल तर खिडकी त्या ग्रुपच्या आत जाऊन बसवायची. बाहेरून ठेवली तर भोक पडतच नाही.

आता बारकाव्याकडे. कम्पोनंट केलं म्हणजे मॉडेल हलकं झालं, असं सर्रास मानलं जातं. ते अर्धंच खरं आहे. फाइलचा आकार आटोक्यात राहतो, कारण व्याख्या एकदाच साठवली जाते. पडद्यावर मात्र प्रत्येक कॉपीतला प्रत्येक फेस वेगळा काढावा लागतो. स्केचअपचं वर्तुळ मुळात 24 बाजूंचं असतं. त्यातून ग्रिलचा एक गोल बार काढला तर 24 बाजू आणि दोन टोकं मिळून 26 फेस. खिडकीला दहा बार धरले तर 64 खिडक्यांत 16,640 फेस, तेही नुसत्या बारांचे. कडा स्मूथ असल्याने हे डोळ्यांना दिसतही नाही. सर्कल टूल घेतल्याबरोबर 6 टाइप करून एंटर मारलं की तोच आकडा 5,120 वर येतो, आणि चौकोनी बार घेतला तर 3,840 वर.

तो गोलवा हवा आहे का, हे कागदावरचं प्रमाण सांगतं. 1:100 च्या एलेव्हेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या दर्शनी ड्रॉइंगमध्ये, 12 मिमीचा बार 0.12 मिमी होतो, म्हणजे पेनच्या रेघेएवढाही नाही. तिथे बारच्या दोन कडा काढल्या तर प्रिंटमध्ये काळा पट्टा उमटतो. 1:20 ला तोच बार 0.6 मिमी होतो, तेव्हा दोन्ही कडा दाखवण्यात अर्थ आहे. ॲल्युमिनियम सेक्शनच्या आतल्या खाचा, ब्रश, रोलर हे तर 1:5 च्या तपशिलाचं काम. ते 2डीमध्ये वेगळं काढा, मॉडेलमध्ये कोंबू नका.

यावर चांगला तोडगा म्हणजे खिडकीच्या आत ग्रिलचा वेगळा कम्पोनंट करून त्याला स्वतःचा टॅग, म्हणजे दाखवण्या-लपवण्यासाठीची खूण, द्यायचा. टॅग बंद केला की 64 ग्रिल एकदम गायब, आणि सीन, म्हणजे साठवून ठेवलेलं दृश्य, हे लक्षात ठेवतो. रेघा आणि फेस मात्र कायम अनटॅग्डवर ठेवा, टॅग फक्त ग्रुप आणि कम्पोनंटला. नाहीतर अर्धी खिडकी लपते, अर्धी लटकते. दुसरा मार्ग अदलाबदलीचा. साधी आणि सविस्तर अशा दोन खिडक्या ठेवायच्या आणि कम्पोनंटच्या विंडोमधून रिप्लेस सिलेक्टेड वापरायचं. दोन्हींच्या अक्षांचा मूळ बिंदू एकाच कोपऱ्यात हवा. एकीचा कोपऱ्यात आणि दुसरीचा मध्यभागी असेल तर सगळ्या खिडक्या अर्ध्या रुंदीने सरकून भिंतीत घुसतात.

फार लहान वस्तूंची एक जुनी खोड अजून गेलेली नाही. नळाची गोलाई किंवा हँडलची कड फॉलो मीने, म्हणजे एखादा आकार रेघेवरून फिरवणाऱ्या टूलने, काढताना मिलिमीटरच्या अंशाएवढे फेस तयारच होत नाहीत, भोकं राहतात. त्यासाठी वस्तूचा कम्पोनंट करा, त्याची कॉपी घेऊन 1000 पट मोठी करा, मोठ्यात काम करा आणि संपलं की मोठी डिलीट करा. खऱ्या मापाची छोटी आपोआप पूर्ण झालेली असते.

थ्रीडी वेअरहाउस या ऑनलाइन मॉडेल-संग्रहातलं तयार सामान फुकट आहे, पण सरळ चालू मॉडेलमध्ये उतरवू नये. एखादा सोफा शिवणीच्या टाक्यांसकट इमारतीपेक्षा जड निघतो. डाउनलोड करण्याआधी पानावर पॉलिगॉनचा आकडा पाहा. मग रिकाम्या फाइलमध्ये उघडा, नको ते काढा, नंतर कॉपी करा. सोबत आलेले टॅग आणि मटेरियल सोफा डिलीट केल्यावरही फाइलमध्ये राहतात. मॉडेल इन्फोमधल्या स्टॅटिस्टिक्समध्ये जाऊन पर्ज अनयूज्ड करावं लागतं, म्हणजे न वापरलेलं काढून टाकावं लागतं. खुर्चीचा रंग बाहेरून बदलत नसेल तर आतले फेस आधीच रंगवलेले असतात. त्यांना डीफॉल्ट मटेरियल द्या, मग बाहेरून दिलेला रंग लागतो.

घ्यावं का? संकल्पना, एलेव्हेशन, इंटीरियर यांसाठी बिनधास्त. दार-खिडक्यांचं शेड्यूल (मापांची यादी), सळईचा तपशील आणि भिंतीचे थर मॉडेलमधूनच काढायचे असतील तर रेव्हिट किंवा आर्किकॅड या भिंत, दार ओळखणाऱ्या प्रोग्रॅमकडे वळा. स्केचअपला भिंत म्हणजे भिंत हे मुळात कळत नाही, त्याच्या लेखी ते फेस आहेत. 2020 च्या अखेरीस स्केचअपची मालक कंपनी ट्रिंबलने कायमस्वरूपी लायसन्स विकणं थांबवलं, तेव्हापासून वर्गणी भरत राहावी लागते आणि लहान ऑफिसला ती खुपते. ब्राउझरमधली मोफत आवृत्ती शिकायला पुरेशी आहे, कम्पोनंटही तिच्यात नीट चालतात. पण एक्स्टेन्शन (जोड-टूल) आणि मॉडेलवरून ड्रॉइंगच्या शीट बनवणारं लेआउट तिच्यात नाहीत, त्यामुळे मापातली ड्रॉइंग द्यायची असतील तर वर्गणीची प्रो आवृत्तीच घ्यावी लागेल. आणि लेआउटमध्ये व्हेक्टर रेंडर (चित्र रेघांच्या रूपात काढणं) लावताना ग्रिलचा टॅग बंद ठेवा, नाहीतर एका शीटसाठीही बराच वेळ ताटकळावं लागतं.