छोटा देखावा उभारताना: फोम बोर्ड, एक्सपीएस की पीव्हीसी फोम?

डायोरामा, म्हणजे छोट्या मापाचा देखावा, करू पाहणाऱ्यासमोर साधारणपणे तीन पर्याय असतात. पहिला दोन्ही बाजूंना कागद चिकटवलेला फोम बोर्ड, दुसरा एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन म्हणजेच एक्सपीएस, आणि तिसरा पीव्हीसी फोम शीट. थर्माकोलचे दाणे कापताना सुटतात, त्यामुळे डोंगराचा आतला भराव सोडला तर त्याचा येथे फारसा विचार करण्याचे कारण नाही. उरलेल्या तिघांत कोण ‘चांगला’ असे विचारण्याऐवजी आपले प्रमाण कोणते आणि प्रेक्षकाला कोणता पृष्ठभाग दिसणार, हे आधी ठरवावे. निम्मा निर्णय तेवढ्यानेच होतो.

बहुतेक जण ज्या फोम बोर्डापासून सुरुवात करतात तो 5 मिमी जाडीचा असतो. विटांची 23 सेंमी जाडीची भिंत 1:48 या प्रमाणात सुमारे 4.8 मिमी होते, म्हणून तेथे हा बोर्ड जसाच्या तसा बसतो. 1:35 मध्ये तीच भिंत साधारण साडेसहा मिमी हवी, पण एवढा फरक सहसा खटकत नाही. 1:87 या रेल्वे मॉडेलच्या प्रमाणात मात्र 5 मिमी म्हणजे जवळजवळ 43 सेंमी, आणि खिडकी कापली की साधे घर किल्ल्याच्या तटासारखे दिसू लागते. उलट बाहुलीघराच्या 1:12 प्रमाणात 19 मिमी जाडी लागते, म्हणजे 10 मिमीचे दोन बोर्ड एकावर एक चिकटवावे लागतात.

फोम बोर्डाची ताकद त्याच्या गाभ्यात कमी आणि दोन्ही बाजूंच्या कागदांत जास्त असते. त्यामुळे सरळ भिंती, मजले आणि जिने यांसाठी तो झटपट उपयोगी पडतो. पोलादी पट्टी धरून पहिल्या फटक्यात फक्त वरचा कागद, दुसऱ्यात फोम आणि तिसऱ्यात खालचा कागद कापला, तर कड स्वच्छ निघते. पाते बोथट असेल तर फोम फाटून दाणेदार होतो. कोपऱ्याच्या जोडात एका भिंतीच्या टोकाला बोर्डाच्या जाडीइतक्या रुंदीचा फोम खरवडून काढावा आणि बाहेरचा कागद तेवढा ठेवावा, म्हणजे दुसरी भिंत त्यात बसते आणि उघडी कड बाहेरून दिसत नाही.

खरी अडचण पोत देताना येते. कागदावर दगड-विटा कोरता येत नाहीत, म्हणून दिसणाऱ्या बाजूचा कागद सोलावा लागतो. काही बोर्डांचा कागद कोरडाच निघतो, काहींचा ओला करून चोळावा लागतो आणि काहींचा फोमचे लचके तोडतच येतो. यासाठी जास्त शीट घेण्याआधी एक तुकडा सोलून पाहावा. सोललेली भिंत एका बाजूने अशक्त होते आणि उरलेला कागद रंगाने ओला झाला की वाकते. मागून आडव्या-उभ्या पट्ट्या चिकटवल्या तर हे आटोक्यात राहते. गोल बुरूज करायचा असेल, तर हाच दोष कामी येतो.

कोरीव काम हाच देखाव्याचा प्राण असेल, तर मी एक्सपीएसच्या बाजूने कौल देईन. त्याच्या बारीक, बंद पेशींवर साध्या बॉलपेनने रेघ ओढली तरी सांधा उमटतो. चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा दाबत फिरवला की दगडाचा खडबडीतपणा येतो. 19 बाय 9 सेंमीची वीट 1:35 मध्ये साधारण 5.4 बाय 2.6 मिमी होते, आणि ती संयमाने कोरता येते. 1:87 मध्ये तिची उंची जेमतेम 1 मिमी राहते, तेव्हा कोरण्याचा हट्ट सोडून छापील किंवा उठावाचा तयार कागद वापरणे शहाणपणाचे. एक्सपीएसला कागदाचा आधार नसल्याने पातळ पट्ट्या, कठडे आणि खिडक्यांच्या चौकटी मोडतात. गरम तारेच्या कटरने तो सुरेख कापला जातो, मात्र तेव्हा निघणारा धूर अपायकारक असतो; काम हवेशीर जागीच करावे.

रंग आणि गोंद यांबाबत या दोघांची दुखणी बहुधा एकच, कारण फोम बोर्डाचा गाभाही सहसा पॉलिस्टायरीनचाच असतो. सॉल्व्हंट असलेला स्प्रे पेंट किंवा गोंद तो विरघळवतो, आणि फोम बोर्डात स्प्रे कापलेल्या कडेतून आत शिरून कागदाखाली पोकळी करतो. पांढरा गोंद आणि ॲक्रिलिक रंग यांच्या मिश्रणाचा हात आधी सर्वत्र, कडांसकट द्यावा. एक्सपीएसचे रुंद तुकडे एकमेकांना चिकटवताना पांढऱ्या गोंदातील पाण्याला वाट मिळत नसल्याने तो आत फार हळू सुकतो. ग्लू गन वापरायची तर कमी तापमानाची घ्यावी, नाहीतर फोम वितळून खड्डा पडतो.

पीव्हीसी फोम या कटकटींपासून बराच मुक्त आहे. त्यावर इन्स्टंट ग्लू आणि बहुतेक स्प्रे पेंट चालतात, पाण्याने तो फुगत नाही आणि 3 मिमीची शीट 1:87 मध्ये 26 सेंमीची विश्वासार्ह भिंत होते. गिलावा केलेल्या गुळगुळीत भिंती, चौकटी आणि पाण्याकाठचे घाट यांसाठी तो सरस. पण तो कापायला कष्ट पडतात, आणि दाबून पोत उमटवण्यात तो एक्सपीएसच्या जवळपासही येत नाही. त्याला गरम तार कधीही लावू नये, कारण तापलेल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो.

पहिलाच देखावा असेल आणि प्रमाण 1:35 किंवा 1:48 असेल, तर सांगाडा फोम बोर्डाचा आणि दर्शनी दगडी भाग एक्सपीएसच्या पातळ तुकड्यांचा करावा. कागद सोलण्याचा खटाटोपही मग टळतो. 1:87 साठी थेट पीव्हीसी घ्यावा. तळपाट मात्र तिन्हींपैकी कशाचाच नको: जमिनीसाठी प्लास्टर किंवा गोंदमिश्रित माती पसरली की ती सुकताना पातळ तळाला ओढून वाकवते, म्हणून तेथे जाड प्लायवूड किंवा एमडीएफच वापरावे.