घरी वापरायचा स्पायरोमीटर: फुप्फुस प्रत्यारोपणानंतर कितपत उपयोगी?

माझ्या थोरल्या बहिणीचे फुप्फुस प्रत्यारोपण चेन्नईत झाले. त्यानंतर आम्ही तिच्यासाठी मोबाइलला जोडला जाणारा, हातात मावेल एवढा स्पायरोमीटर, म्हणजे फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजणारे यंत्र, घेतला. फोंड्यात राहून इतक्या दूरच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली असलेल्या रुग्णाने तो घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्यातील एक दोष जाणून घेतल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नये.

प्रत्यारोपणानंतर पाच वर्षांत साधारण निम्म्या रुग्णांना क्रॉनिक रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवे फुप्फुस हळूहळू नाकारणे, गाठते. बहुतेकांमध्ये बारीक श्वासनलिका आतून तंतुमय होऊन बुजत जातात, आणि एकदा गेलेली क्षमता क्वचितच परत मिळते. आठवड्यातून तीनदा दिले जाणारे ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक काही रुग्णांना चांगले लागू पडते. ते पुरेसे ठरले नाही, तर रक्तातील पांढऱ्या पेशी बाहेर काढून, औषध आणि अतिनील किरणांची प्रक्रिया करून परत शरीरात सोडण्याचा फोटोफेरेसिस हा उपचार काही मोजक्या केंद्रांत होतो. त्याचाही मुख्य हेतू घसरण थोपवणे हाच असतो, म्हणून ती लवकर लक्षात येण्याला इतके मोल आहे. प्रत्यारोपणात फुप्फुसाच्या नसा तुटलेल्या असल्यामुळे खोकल्याची संवेदना मंदावते, आणि धाप जाणवण्याच्या आधीच पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचा आकडा, म्हणजे एफईव्ही-वन, उतरू लागलेला असू शकतो.

हा आकडा यंत्र चांगला टिपते. ताई सकाळी ताठ बसून, नाकाला चिमटा लावून तीनदा फुंकते आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा वहीत लिहिते. रुग्णालयातील मोठ्या यंत्राचा आणि याचा आकडा तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे घरच्या आकड्याची तुलना घरच्याच आकड्याशी करावी.

आता दोष. आमच्या यंत्राचे ॲप हिरवा, पिवळा आणि लाल असे रंग दाखवते. पण ते रंग वय, उंची आणि लिंग यांवरून काढलेल्या अपेक्षित आकड्यावर ठरतात, रुग्णाच्या स्वतःच्या पायाभूत आकड्यावर नव्हे. समजा, अपेक्षित आकडा 2.50 लिटर आहे आणि प्रत्यारोपणानंतर रुग्णाने 2.60 गाठला आहे. तो 2.08 वर आला, तर घसरण 20 टक्के झाली, आणि आंतरराष्ट्रीय हृदय व फुप्फुस प्रत्यारोपण संस्थेच्या 2019 च्या व्याख्येनुसार ही टिकून राहणारी घसरण क्रॉनिक रिजेक्शनच्या शंकेची मर्यादा आहे. ॲप मात्र 83 टक्के म्हणून हिरवाच रंग दाखवते! त्यामुळे आम्ही डॉक्टरांकडून पायाभूत आकडा ठरवून घेतला (तीन आठवड्यांहून कमी नसलेल्या अंतराने घेतलेल्या दोन सर्वोत्तम आकड्यांची सरासरी) आणि त्यातून 10 टक्के वजा करून येणारा आकडा वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहिला. तो ओलांडून आकडा खाली गेला आणि दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला, की रंग काहीही असो, फोन करायचा.

घसरणीचे कारण यंत्र सांगत नाही. जंतुसंसर्गानेही आकडा उतरतो, आणि निदानासाठी सीटी स्कॅन, ब्रॉन्कोस्कोपी अशा तपासण्या कराव्या लागतात. रिजेक्शन रोखण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातील पातळीही वेगळी तपासावी लागते. (चवथीला माटोळीत (गणपतीच्या वर फळे-पाने बांधतात ती चौकट) बांधलेले पपनस हे औषध घेणाऱ्या रुग्णाने खाऊ नये, कारण त्याने ही पातळी वाढू शकते, हे पाहुण्यांनाही आधीच सांगून ठेवावे.)

पावसाळ्यात आपल्याकडील दमट हवेत यंत्रातील फिरत्या पंख्याच्या भागाला ओल धरते आणि आकडे हलू लागतात. तो भाग पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे धुऊन पूर्ण वाळवावा. पुस्तिका फक्त इंग्रजीत आहे. घरातील वृद्धांना ती वाचून दाखवावी लागते, हे मला पटलेले नाही. फुंकण्याच्या नळ्या गावातील औषधाच्या दुकानात सहज मिळाल्या नाहीत, म्हणून यंत्र मागवतानाच त्यांचा पुरेसा साठा घ्यावा आणि आकडे फाइलच्या रूपात डॉक्टरांना पाठवता येतात का, हे विक्रेत्याला आधी विचारावे.