वन्यप्राण्यांच्या साथरोगांवरील ऑनलाइन अभ्यासक्रम : तिसऱ्या आठवड्यासाठी तरी करावा

वन्यप्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांवरील चार आठवड्यांचा हा ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. पहिला आठवडा सहन करावा लागतो, कारण विषाणू, जिवाणू आणि बुरशी यांच्या शाळकरी व्याख्यांपलीकडे त्यात फारसे काही नाही.

खरा विषय सुरू होतो तो दुसऱ्या आठवड्यातील एका प्रश्नापासून : साथीत प्राणी मरत गेले की उरलेल्यांचा परस्परसंपर्क घटतो आणि साथ बहुधा आपोआप ओसरते, मग केवळ रोगाने एखादी प्रजाती नामशेष होण्याची वेळ येते कशी? याचे उत्तर एका सूत्रात कोंबलेले नाही, हे मला आवडले. टास्मानियन डेव्हिल या ऑस्ट्रेलियातील मांसाहारी प्राण्याच्या तोंडावर होणारा, चाव्यातून पसरणारा कर्करोग १९९६ मध्ये प्रथम दिसला. विणीच्या हंगामात हे प्राणी एकमेकांना चावतातच, त्यामुळे संख्या रोडावली तरी संसर्ग थांबत नाही. उभयचरांच्या त्वचेवर वाढणाऱ्या कायट्रिड बुरशीचे तसे नाही. बेडकांच्या काही जाती ती अंगावर वागवूनही धडधाकट राहतात आणि शेजारच्या दुर्बळ जातीला शेवटच्या बेडकापर्यंत संसर्ग पुरवत राहतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार या रोगामुळे किमान ५०१ उभयचर प्रजातींची संख्या घटली असून त्यांपैकी ९० नामशेष झाल्या असाव्यात.

तिसऱ्या आठवड्यातील संगणकीय प्रतिमान मी तीनदा चालवून पाहिले. जगात जेमतेम काही शे उरलेल्या इथियोपियन लांडग्यांचे कळप पडद्यावर ठिपक्यांच्या रूपात दिसतात. आसपासच्या पाळीव कुत्र्यांची संख्या वाढवली की रेबीज पुन्हापुन्हा कळपांत शिरतो, आणि सरसकट लसीकरणाऐवजी लांडग्यांच्या दोन वस्त्यांना जोडणाऱ्या अरुंद पट्ट्यातील कळपांनाच लस दिली तरी साथ पलीकडे पोहोचण्याची शक्यता बरीच घटते. वटवाघळांच्या बुरशीजन्य रोगाची चित्रफीतही नेमकी आहे. नाकावर खडूची भुकटी भुरभुरल्यासारखी बुरशी, शीतनिद्रेतून वारंवार जागे होणारे शरीर आणि हिवाळा संपण्याआधीच सरलेली चरबी, हे सगळे दोन मिनिटांत कळते. वटवाघळे गेल्यावरही बुरशी गुहेत टिकून राहते, हा मुद्दा मात्र निवेदक एका वाक्यात उरकतो. तो अधिक वेळ देण्याजोगा होता.

तक्रार चाचणीबद्दल आहे. २०१५ मध्ये कझाकस्तानात काही आठवड्यांत दोन लाखांहून अधिक सायगा हरणे मेली, त्याचे कारण विचारले आहे आणि ‘पाश्चुरेला जिवाणू’ हे एकच उत्तर ग्राह्य धरले आहे. हा जिवाणू निरोगी सायगांच्या शरीरातही निरुपद्रवीपणे राहतो, आणि त्या वर्षीच्या असाधारण उष्ण-दमट हवेशी त्याच्या उद्रेकाचा संबंध आढळला आहे. असे असताना हवामानाचा पर्याय चुकीचा ठरवणे म्हणजे आधीच्या आठवड्यांत शिकवलेलेच खोडून काढणे होय. मी हवामान आणि जिवाणू हे दोन्ही पर्याय निवडले होते. आयोजकांना तपशीलवार कळवले, तेव्हा प्रणालीत बदल करता येत नाही असे साचेबद्ध उत्तर आले.