कासव दाखवतो म्हणाला आणि ३२,६४९ रुपये घेऊन गेला

आधीच सांगते, "एवढं कसं कळलं नाही गं तुला" हे घरातल्या सगळ्यांनी विचारून झालंय, सासूबाईंनी तर दोनदा. त्यामुळे तेवढं सोडून वाचा. मी अकाउंट्समध्ये आहे, चौदा वर्षं झाली, दुसऱ्यांच्या बिलातला पाच रुपयाचा फरक शोधून काढते आणि स्वतःचे ३२,६४९ रुपये पाच हप्त्यांत एका माणसाला हाताने पाठवले. लिहायची लाज वाटतेय पण मे महिन्याच्या सुट्टीची बुकिंगं आता सुरू होतील आणि हाच माणूस किंवा त्याचाच भाऊबंद परत बसलेला असणार.

तर झालं असं की मागच्या मार्चमध्ये आम्ही वेळासला गेलो होतो, मंडणगडजवळचं, कासव महोत्सवाला. सकाळी टोपली उचलली की वाळूतून ती इवलीशी ऑलिव्ह रिडलेची पिल्लं बाहेर येतात आणि धडपडत पाण्याकडे निघतात, ते बघून आमची लेक वेडी झाली. पाचवीत आहे. तेव्हापासून एकच धोशा, मोठं कासव पाण्यात पोहताना बघायचंय. डिसेंबरच्या सुट्टीत मालवणला जायचं ठरलं, आम्ही तिघं, नणंद आणि तिचे मिस्टर, अशी पाच माणसं. आणि नेमकी तेव्हाच मला एक रील दिसली. निळंशार पाणी, खाली पांढरी वाळू, कासवाशेजारी एक मुलगी पोहतेय आणि वर मोठ्या अक्षरात "मालवणात कासवांसोबत स्नॉर्केलिंग, ९९ टक्के गॅरंटी, नाही दिसलं तर फुल रिफंड". पेजला बेचाळीस हजार फॉलोअर्स, खाली "मस्त अनुभव दादा", "फॅमिलीसोबत गेलो, पैसा वसूल" असं चांगलं मराठीत लिहिलेलं. तुम्ही काय केलं असतं सांगा.

नंबरवर मेसेज केला तर लगेच फोन आला. गोड बोलणारा, ताई ताई करणारा, सुरुवातच "येवा, कोकण आपलाच असा" अशी. माणशी ३,५०० म्हणजे पाच जणांचे १७,५००, त्यात बोट, गाईड, मास्क, लाईफ जॅकेट, पाण्याखालचा व्हिडिओ आणि वर नाश्ता. आता मालवणात साधं स्नॉर्केलिंग याच्या पाव भावात होतं हे मला माहीत होतं, पण म्हटलं कासवाचं स्पेशल आहे, लांब नेत असतील.

आणि इथे ते झालं जे आठवलं की मला अजून रात्री झोप लागत नाही. फोन स्पीकरवर होता, मी पोळ्या लाटत होते, लेक ओट्याला टेकून ऐकत होती. मी विचारलं, कुठलं कासव दिसेल हो? तो म्हणाला ऑलिव्ह रिडले ताई, सकाळी सात-आठच्या सुमाराला अंडी घालायला किनाऱ्याकडे येतात ना, तेव्हा आपण बोट मध्ये लावतो, अगदी हाताशी दिसतात. लेक पटकन म्हणाली, "आई, ती रात्री येतात ना? वेळासला काकांनी सांगितलेलं, रात्री येतात आणि अंडी घालून परत जातात."

मी काय केलं? लाटणं तिच्याकडे रोखून म्हणाले, "गप गं, मोठी माणसं बोलतायत."

दहा वर्षांच्या मुलीला जे कळलं ते मला कळत होतं. मीही वेळासला तिच्या शेजारीच उभी होते ना. तिकडे त्या दादाने एक सेकंद थांबून "हुशार आहे हां बेबी" असं हसत म्हटलं आणि ती चुकली असणार असंच मी धरून चालले. तव्यावरची पोळी करपली तेवढंच काय ते मला त्यावेळी खटकलं. त्याच रात्री, ६ डिसेंबरला, अर्धे पैसे म्हणजे ८,७५० पाठवले. पाठवताना ॲपवर नाव आलं ते भलतंच, कुठल्यातरी बाईचं. विचारलं तर म्हणाला आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत. मी स्वतः अकाउंटंट, मला तर ते ऐकून उलट बरंच वाटलं! नाव जुळत नसेल तर पैसे पाठवू नका, बास, त्यात "पण"ला जागा नाही.

११ तारखेला परमिट निघालं. म्हणे कासव संरक्षित प्राणी आहे, वनखात्याचं "टर्टल झोन परमिट" लागतं, माणशी १,००० अधिक १८ टक्के जीएसटी, पाच जणांचे ५,९००. आता मी अगदीच डोळे झाकून दिले नाहीत हां. मी शोधलं. मालवणला सागरी अभयारण्य खरंच आहे, १९८७ साली जाहीर झालेलं, २९.१२ चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचा भाग त्यात येतो. समुद्री कासवं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत म्हणजे वाघाच्या रांगेत. मग परमिट लागत असेल असं वाटणं चूक आहे का? या लोकांचं कौशल्य तेच, नव्वद टक्के खरं सांगायचं आणि उरलेल्या दहा टक्क्यांचे पैसे घ्यायचे. परमिटची पीडीएफही आली, वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, सही. सगळं झाल्यावर नणंदेच्या मिस्टरांनी ती मोठी करून दाखवली तर शिक्क्यात "मालवन" लिहिलेलं. न नळाचा नसतो हो मालवणात, ण बाणाचा असतो.

आणि हो, त्याच पेजवर एका फोटोत एक माणूस कासवाची पाठ दोन्ही हातांनी धरून पोज देतोय. जो कायदा दाखवून माझ्याकडून ५,९०० घेतले त्याच कायद्यात ते बसत नाही. असा फोटो जाहिरातीत दिसला तर तो माणूस खरा असला तरी त्याच्या बोटीत बसू नका.

१८ तारखेला "आज फुल पेमेंट केलं तर १,७५० डिस्काउंट", म्हणून उरलेल्या ८,७५० ऐवजी ७,००० पाठवले आणि मिस्टरांना कौतुकाने सांगितलंसुद्धा बघा कसे वाचवले ते. २६ ला निघायच्या आदल्या दिवशी कॅमेऱ्याचं डिपॉझिट ६,०००, परत मिळणार होतं ते. झाले २७,६५०.

तुतारी एक्सप्रेसने कुडाळ, तिथून रिक्षाने मालवण. होमस्टे वेगळा बुक केलेला, तिथल्या काकूंनी काही फसवलं नाही, उलट बांगड्याचं तिखलं असं करून घातलं की विचारू नका. २८ तारखेला सकाळी सव्वासहाला जेट्टीवर हजर व्हायचं होतं. आम्ही सहालाच. थंडी, अंधार, जाळी सोडवत बसलेली चार माणसं, माशांचा वास. लेकीने ७८० रुपयांचा नवा मास्क खोलीतूनच घालून आणलेला. साडेसहा झाले, सात झाले. फोन आधी वाजत होता, मग बिझी, मग स्विच ऑफ. साडेसातला तिने मास्क काढला तेव्हा कपाळावर रबराचा लाल गोल उमटलेला आणि ती काहीच बोलली नाही, रडलीही नाही, फक्त मास्कची पट्टी गुंडाळत बसली. मला तिथल्या तिथे पाण्यात उडी मारावीशी वाटली.

एका बोटवाल्या मामांना फोटो दाखवला. त्यांनी फोन लांब धरून बघितला आणि म्हणाले, "ह्यां पाणी आमचा न्हय." मग गॅरंटीचं सांगितलं तर हसलेच, "कासव म्हणजे काय आमच्या परड्यातलो कोंबो हा, दाणे घातले काय धावत येतलो?" कधीतरी खडपाजवळ श्वास घ्यायला डोकं वर काढतं, दिसलं तर नशीब, असं ते म्हणाले. टर्टल परमिट वगैरे त्यांनी जन्मात ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या बोटीतून माणशी ५०० देऊन आम्ही गेलो, तेही पाण्यातून वर आल्यावर द्या म्हणाले. रंगीत मासे दिसले, कासव नाही. मामांनी आधीच सांगितलेलं दिसणार नाही म्हणून.

आता सगळ्यात लाजिरवाणा भाग. अकरा वाजता दुसऱ्या नंबरवरून त्याचाच फोन. ताई माफ करा, कोस्ट गार्डने बोट अडवली, तुमचे पैसे लगेच परत करतो, पण सिस्टिमला किमान ३०,००० असल्याशिवाय ऑटो रिफंड निघत नाही, तुमचे २७,६५० आहेत, ४,९९९ टाका, सगळे एकत्र येतील. आणि मी टाकले. ओल्या कपड्यांत, जेट्टीवर उभं राहून. ३०,००० ला कमी किती पडत होते? २,३५०. मग ४,९९९ कशाला? हे मला, बॅलन्स शीट जुळवणाऱ्या बाईला, दोन दिवसांनी आंघोळ करताना सुचलं. नणंद शेजारी उभी होती, तिला म्हटलं रिफंड येतोय, तुमचा हिस्सा लगेच देते. तिच्या मिस्टरांनी नंतर हिस्सा घ्यायला साफ नकार दिला, आणि खरं सांगू, त्यांनी घेतला असता तर बरं झालं असतं.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तो संध्याकाळी सहाला. सात तास मी "येईल येईल" करत बसले. तुम्ही बसू नका. पैसे गेल्याचं कळलं की आधी १९३०, नवऱ्याला फोन नंतर, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात मिनिटांत फिरतात.

आणि मग सुरू झाली वरात. बँकेच्या कस्टमर केअरला चाळीस मिनिटं सनई ऐकली. ब्रँचमध्ये गेले तर काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, मॅडम पिन तुम्हीच टाकलाय ना, मग हे अनऑथराइज्ड नाही. अगं बाई पिन मीच टाकलाय, म्हणूनच तर फसवणूक म्हणतात, चोरी म्हटलं असतं नाहीतर! लेखी द्या म्हणाली, लेखी दिलं, त्यावर पोच मागितली तर शिक्का आतल्या साहेबांकडे आणि साहेब मीटिंगला. दोन चकरा नुसत्या त्या शिक्क्यासाठी.

पोलीस स्टेशनचं तर काय सांगू. अकरा वाजता गेले, साडेतीनला आत बोलावलं. पहिला प्रश्न, किती गेले? बत्तीस हजार? अहो इथे लोकांचे बत्तीस लाख जातात. म्हणजे माझे कमी गेले म्हणून मी पेढे वाटू का? मग कशाचे गेले विचारलं. कासव बघायचे, म्हटल्यावर शेजारचा हवालदार टेबलावर वाकून हसला, टीव्हीवर दिसतं की फुकट. चॅटच्या प्रिंट आणा म्हणाले, ४६ पानं, दोन रुपयाने ९२ रुपये, मग तीन सेट पाहिजेत, म्हणजे अजून १८४. ते घेऊन गेले तर साहेब बदललेले, नवीन साहेबांनी सांगितलं गुन्हा मालवणात घडलाय, तिकडे जाऊन तक्रार द्या. मी म्हटलं पैसे माझ्या स्वयंपाकघरातून गेलेत, तिकडे फक्त मी उभी राहिले होते. तर म्हणाले खातं बाहेरच्या राज्यातलं आहे, मग तिकडे द्या. एका कासवासाठी मी भारतभ्रमण करू?

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३, स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही स्टेशनला सांगता येतो, झिरो एफआयआर म्हणतात ते. त्या कलमाची प्रिंट घेऊन तिसऱ्यांदा गेले तेव्हा खुर्ची मिळाली. तुम्ही पहिल्याच दिवशी घेऊन जा. पर्यटनाच्या एका ऑफिसलाही फोन केला होता, ते म्हणाले तो आमच्याकडे नोंदणीकृत नाही त्यामुळे आमचा संबंध नाही. नोंदणीकृत असता तर मी कशाला फोन केला असता!

शेवटी कळलं की त्या बाईच्या खात्यात १,२१२ रुपये शिल्लक होते तेवढे गोठवलेत. ते हवे असतील तर कोर्टाची ऑर्डर आणा. वकिलाने फी सांगितली ५,०००.

बुकिंग करायचंच असेल तर समोरच्याला म्हणा, आत्ता जेट्टीवरून व्हिडिओ कॉल कर, मागे बोट दिसू दे. नाहीतर सरळ तिथे जाऊन ठरवा, मालवणला किनाऱ्यावर उभं राहिलं की चार जण विचारायला येतात. आणि ते "गॅरंटी" बघितलं की फोन ठेवा, समुद्रातलं जनावर कोणाच्या पगारावर नसतं.

ते पेज परवा सापडलं परत. नाव बदललंय, फॉलोअर्स आता पन्नास हजारांच्या वर. फोटो तोच, निळंशार पाणी, पांढरी वाळू, तीच मुलगी, फक्त "मालवण" खोडून "लक्षद्वीप" केलंय. पाण्याचा रंग निदान आता तरी जुळतो. आणि लक्षद्वीपला जायला खरोखरचं परमिट लागतं, त्यामुळे त्याला तर शिक्काही नवीन बनवायला नको, "मालवन" पुसलं की झालं. लेकीने माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघितली आणि विचारलं, "आई, आता बोलू का?"